दारू सोडवायची आहे? मग त्याला खोलीत कोंडू नका आणि चहात पुडीही टाकू नका

प्रश्न (थोडक्यात) : माझा मोठा दादा ४४ वर्षांचा आहे. चोपडा तालुक्यात कापूस आणि केळीची शेती आहे. बरीच वर्षं पितो, पण गेली चार-पाच वर्षं रोज दोन क्वार्टर. सकाळी हात कापतात म्हणून उताऱ्याची वेगळी. यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) मी माहेरी गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खोलीत ठेवलं, मोबाइल काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फिट आली. घाबरून आम्हीच त्याला पाजली. दवाखान्यात यायला तो तयार नाही. ओळखीच्या एकाने पुडी सुचवली आहे, चहातून नकळत द्यायची. द्यावी का? आणि दारूने शरीराचं काय काय होतं ते त्याला वाचून दाखवता येईल असं लिहा.

उत्तर :

ताई, पुडीचं आधी सांगतो. देऊ नका. का ते पुढे येतंच, पण त्याआधी खोलीत काय घडलं ते समजून घ्या. तुमच्या घरात आता दोन समजुती पक्क्या झाल्या असतील. एक, दारू बंद केली की हा मरतो. दुसरी, त्याने मुद्दाम नाटक केलं. दोन्ही चूक आहेत.

दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर दारू मिळाली की त्या मंदपणावर मात करायला मेंदू स्वतःचा जोर वाढवून ठेवतो. भरलेली गाडी चढावर ओढणाऱ्या बैलांचं जू एकदम सुटावं आणि बैल धडपडत पुढे जावेत, तसं अचानक दारू थांबली की होतं. ओझं गेलं, जोर मात्र तसाच राहिला. मग हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हे सुरू होतं. म्हणून तुमच्या दादाला सकाळी उताऱ्याची लागते. ती मजेसाठी घेतलेली नसते, रात्रीची उतरल्यामुळे सुरू झालेला त्रास थांबवायला घेतलेली असते. सकाळची लागायला लागली याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालं आहे, आणि अशा माणसाची दारू घरच्या घरी, औषधाशिवाय, एका झटक्यात बंद करायची नसते.

फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. तुमच्याकडे तसंच झालं. त्याहून मोठं संकट दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येतं. ते आम्हाला अनेकदा मानसोपचाराच्या नव्हे, हाडांच्या वॉर्डात बघायला मिळतं. गडी मोटारसायकलवरून पडलेला असतो, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. दारूबद्दल घरचे लाजेने बोललेले नसतात. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे न दिसणारे किडे वेचायला लागतो. सलाइनची नळी उपसतो. समोरच्या खाटेकडे हात करून ‘हाड, हाड’ करतो, कारण त्याच्या मते शेळ्या कपाशीत शिरल्या आहेत. ट्रकचा ड्रायव्हर असेल तर हवेत स्टिअरिंग फिरवतो. अंग तापलेलं, घामाने थबथबलेलं, नाडी १२०-१३०. सोबतची म्हातारी म्हणते याला बाहेरचं लागलं, आणि सकाळी सुट्टी मागून भगताकडे न्यायची तयारी सुरू होते. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणसं दगावतात. वेळेत झाले तर बहुतेक सगळी वाचतात आणि आठवड्याभरात भानावर येऊन ‘मी असं केलं?’ म्हणून विचारतात.

तेव्हा एक सांगणं सगळ्याच घरांना. पिणारा माणूस कशासाठीही ॲडमिट होवो, हाडासाठी, हर्नियासाठी, डेंग्यूसाठी, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा की हा रोज किती घेतो आणि शेवटची कधी घेतली. अब्रू जात नाही.

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाउनमध्ये दुकानांना कुलूप लागलं तेव्हा देशभर असे रुग्ण आले. शहाद्याकडे १९७२-७३ च्या सुमारास श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, त्या धैर्याला तोड नाही. पण गावाने बाटली आडवी केली की त्याच आठवड्यात गावातल्या रोज पिणाऱ्यांची यादी करून त्यांना डॉक्टरसमोर उभं करायला हवं. हा अर्धा भाग मोहिमांमधून नेहमी राहून जातो.

आता सलाइन. आपल्याकडे ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या’ हा सर्वांत लाडका उपचार आहे. रोज पिणारा जेवत नाही. शेवेबरोबर, फुटाण्यांबरोबर रात्र काढतो आणि भाकरी तशीच ताटात. त्यात दारू आतड्यातून बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, नीट शोषू देत नाही. शरीरातला साठा संपत आलेला असतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलासुरला साठाही संपतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, माणूस बरळतो. हे ओळखलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही आणि मधल्या जागा तो मनाने रचून भरतो. पंचेचाळिशीतला माणूस घराचा रस्ता विसरतो. सगळं एका स्वस्त इंजेक्शनने टळण्यासारखं असतं. म्हणून बाटली लावायची वेळ आलीच तर तिथल्या डॉक्टरांना नम्रपणे एवढं म्हणा, ‘साहेब, हे रोज दारू घेतात, आधी बी-१ द्याल का?’

दवाखान्यात करतात तरी काय, हा प्रश्न दादाच्या मनात असेल. बांधून ठेवत नाहीत, शॉक देत नाहीत. दारूसारखंच मेंदूला शांत करणारं पण मोजून देता येणारं औषध देतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी मोठा डोस, मग रोज कमी करत पाच ते दहा दिवसांत बंद. त्यासोबत थायमिन, जेवण, झोप. हात कापत नाहीत, फिट येत नाही. या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी अंदाजाने देऊ नका. दारू आणि या गोळ्या एकत्र झाल्या तर झोपेतच श्वास मंदावतो. दादाला एकदा फिट आलेली आहे, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा येण्याचा संभव जास्त. त्याचं सोडवणं ॲडमिट करूनच व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तोवर? तोवर त्याची दारू तुम्ही एकदम तोडू नका. हे वाचून घरातले माझ्यावर चिडतील, पण आणखी एक फिट येण्यापेक्षा ते बरं.

आता पुडी. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाराही सांगत नाही. बऱ्याचदा डायसल्फिराम नावाची गोळी कुटून दिलेली असते. डेन्मार्कमधल्या संशोधकांना १९४० च्या दशकात जंतांवरचं औषध तपासताना तिचा हा गुण सापडला. दारू पोटात गेल्यावर लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड हे विष बनवतं आणि मग ते लगेच निकामी करतं. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विष रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, डोकं फुटतं, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरतो. ज्याला ठाऊक आहे की मी ही गोळी घेतोय, तो त्या भीतीने दारूपासून लांब राहतो, आणि औषधाचा उपयोग एवढाच आहे. ज्याला ठाऊक नाही, तो नेहमीसारखा क्वार्टर मारतो आणि शेताच्या बांधावर कोसळतो. हृदय कमजोर असेल तर उठत नाही. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. आणि कधीतरी त्याला कळतंच. मग बायकोच्या हातचा चहा तो पुन्हा विश्वासाने पीत नाही, आणि तुमच्या वहिनींच्या वाट्याला काय येईल ते मी लिहायला नको.

तर आता दादाला वाचून दाखवायचा भाग. दादा, तुम्ही म्हणाल, ‘माले झेपस.’ हे वाक्य मी रोज ऐकतो. झेपतं म्हणजे तेवढ्याच नशेसाठी तुम्हाला आता जास्त लागते. लिव्हरला झेपतं असा त्याचा अर्थ नाही.

आधी हिशेब करू. देशी असो की विदेशी, बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा असतो. १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन म्हणजे १२० ग्रॅम. लिव्हर तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे रात्री दहापर्यंत दोन संपवल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवर बसताना बरीच अजून रक्तात आहे. लिंबू पिळा, ताक प्या, अंघोळ करा, हा वेग वाढत नाही. आणि ‘मी हल्ली फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी : ६५० मिलिची आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर म्हणजे ४० ग्रॅम. दीड बाटलीत क्वार्टर झाली.

लिव्हरमध्ये पहिल्यांदा चरबी साठते. दुखत नाही, खुपत नाही, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर एवढंच येतं. याच टप्प्यावर दारू पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होऊ शकतं, आणि ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत चांगली बातमी आहे. लोक ती वाया घालवतात, कारण कुणीतरी सांगतं, ‘फॅटी लिव्हर तर सगळ्यांनाच असतं.’ पुढचा टप्पा सुजेचा. डोळे पिवळे, ताप, भूक मेलेली, पोट फुगलेलं. याला आपल्याकडे नुसती कावीळ म्हणतात आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. गळ्यात माळ, नाकात थेंब, पंधरा दिवस बिनमिठाचं. पिणाऱ्याची अशी कावीळ तीव्र असेल तर महिन्याभरात जीव घेऊ शकते, आणि ते पंधरा दिवसच उपचाराचे असतात. झाडपाल्यातली काही औषधं तर सुजलेल्या लिव्हरला आणखी जाळतात. तिसरा टप्पा सिरॉसिस. लिव्हर आक्रसून गाठीगाठीचं होतं, रक्त त्यातून वाहू शकत नाही, मग अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री मोरीत रक्ताची उलटी होते. पोटात पाणी होतं, पाय सुजतात, दिवसा झोप आणि रात्री जाग अशी उलटापालट होते. भरपूर पिणाऱ्यांपैकी सगळेच इथवर येत नाहीत, साधारण दहा ते वीस टक्के येतात. कोण येणार ते आधी सांगता येत नाही. ‘आमचे आजोबा ऐंशीपर्यंत पीत होते’ हा पुरावा म्हणूनच कुचकामी आहे. जे चाळिशीत गेले त्यांची उदाहरणं द्यायला कुणी उरत नाही.

लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटणारे पाहिले आहेत. पुढे गेलेल्या सिरॉसिसमध्येही एसजीओटी-एसजीपीटी हे रक्ततपासणीतले लिव्हरचे आकडे नॉर्मल दिसू शकतात. त्यापेक्षा प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि सोनोग्राफी जास्त सांगतात.

बाकीचं भराभर सांगतो. स्वादुपिंडाला सूज आली की पोटातली कळ पाठीपर्यंत जाते, आणि ती एकदा सोसलेला माणूस ती विसरत नाही. रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात. तळपाय जळतात. पुरुषत्व कमी होतं. दारूने जोर येतो ही समजूत उलटी आहे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी प्यायलं तर साखर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध पडतो, आणि लोक म्हणतात पिऊन पडलाय, पडू दे. टीबीची औषधं चालू असताना दारू म्हणजे लिव्हरवर दुहेरी मारा. कॅन्सरचं म्हणाल तर तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं आणि बायकांमध्ये स्तन यांचे कॅन्सर दारूने वाढतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ मध्येच दारूला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे. वर तंबाखूची डबी खिशात असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने चढतो. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना देशी मारून उन्हात लवंडलेला माणूस उष्माघातानेही जातो, कारण दारू लघवीवाटे पाणी काढून टाकते आणि तहान लागल्याचं भान ठेवत नाही.

पिऊन पडलेल्याला ‘पडू दे’ म्हणण्याबद्दल आणखी एक. डोक्याला मार लागलेला, साखर उतरलेला आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला, तिघंही दारू प्यायल्यासारखेच दिसतात. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास घरघरत असेल, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

हातभट्टीबद्दल. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे शुद्ध, असं सांगून विकतात. ती फक्त जास्त कडक असते. मोहाच्या किंवा गुळाच्या साध्या भट्टीत मिथेनॉल फार नसतं. माणसं घाऊक मरतात ती कारखान्यातलं मिथेनॉल स्वस्तात आणून भेसळ केल्यावर. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं गेली ती अशी. प्यायल्यावर अर्ध्या-एका दिवसाने धूसर, पांढरं-पांढरं दिसायला लागलं, पोटात दुखतंय, धाप लागतेय, तर ती उतरत असलेली नशा समजू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या, आणि ज्यांनी ज्यांनी त्या भट्टीवरून घेतली त्या सगळ्यांना न्या. या विषावर औषध असतं आणि डायलिसिसही करता येतं, पण डोळे आणि जीव वाचायचा काळ तासांत मोजायचा असतो.

ताई, पुढचं दादाला वाचून दाखवू नका. हे तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये बायकोवर संशय घेण्याचा आजार दिसतो. शेतात कुणाशी बोललीस, फोन कुणाचा होता, दार उघडायला उशीर का झाला. घरात हे उघड बोललं जात नाही आणि वहिनी तुम्हालाही सांगणार नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा. हा स्वभाव नसतो, उपचार लागणारा आजार असतो, आणि तो धोक्याचा असतो. दारू थांबल्यावरही कधी कधी टिकतो. तसं काही असेल तर डॉक्टरांना वेगळं भेटून सांगा. हात उगारला जात असेल तर त्या रात्री समजावत बसायचं नाही, पोरांना घेऊन बाहेर पडायचं. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक वहिनींच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

दादा यायला तयार नाही, त्याचं काय? प्यायलेला असताना बोलू नका. सकाळची उताऱ्याची घेऊन थोडा स्थिर झाला की, नऊ-दहाच्या सुमारास, एकाच माणसाने बोलावं. माय, काका, सरपंच अशी बैठक नको. ‘दारू सोड’ म्हणू नका. ‘तुला फिट आली होती, ती का आली ते एकदा विचारून येऊ’ म्हणा. दारूसाठी न येणारा माणूस हात कापतात, झोप येत नाही, पाय जळतात यासाठी येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर आधी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि नशामुक्तीसाठी १४४४६, दोन्हीला पैसे लागत नाहीत. खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघायला मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, आणि घरच्यांना भेटू देत नसतील तर तिथून परत फिरा. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्यांच्या नादी लागू नका.

ॲडमिट होऊन दहा दिवसांनी घरी आला म्हणजे दारू सुटली असं नाही. तिथून पुढे वर्षभर ओढ लागते. ती कमी करणारी औषधं आहेत, नालट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट. लिव्हर खराब असेल तर बॅक्लोफेन. डायसल्फिरामही आहे, पण त्याला सांगून, त्याच्या संमतीने. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्याच्या सभा फुकट असतात. एखाद्या पोळ्याला, एखाद्या लग्नात तो परत घेईल. तेव्हा ‘गेलं सगळं पाण्यात’ म्हणून फाइल फाडू नका. दुसऱ्या दिवशी परत घेऊन या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटलेले पुष्कळ आहेत.

येताना आखाजीच्या फिटची तारीख, ती किती मिनिटं टिकली, आधी किती तास दारू बंद होती, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे एका कागदावर लिहून आणा. जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट असतील तर तेही. सकाळी निघताना त्याने उताऱ्याची घेतली असेल तर वाद घालू नका, किती आणि किती वाजता घेतली तेवढं त्याच कागदावर टिपा, आणि गाडी त्याला चालवू देऊ नका.